थायरॉइड : कोणत्या डॉक्टरांकडे, कोणत्या उपचारासाठी

(दृश्य : धंतोलीतील एक रस्ता, सकाळची वेळ. दवाखान्यांच्या पाट्या.)

नागपुरातील धंतोली आणि रामदासपेठ या दोन वस्त्यांमध्ये डॉक्टरांच्या पाट्या इतक्या दाटीने लागलेल्या आहेत, की बाहेरगावच्या माणसाला चार जणांना विचारल्याशिवाय नेमका जिना सापडत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा, बालाघाट या जिल्ह्यांतून पहाटेची गाडी धरून आलेले रुग्ण इथे पायऱ्यांवर बसलेले दिसतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या पिशवीत टीएसएच नावाच्या तपासणीचे जुने कागद असतात. ‘थायरॉइड निघाला आहे’, एवढेच त्यांना गावी कळलेले असते. तो कोणत्या प्रकारचा निघाला, कशामुळे निघाला आणि त्यासाठी इतक्या दूर यायची गरज होती का, याची उत्तरे मात्र त्या कागदांवर नसतात. या चित्रफितीत आपण त्याच प्रश्नांकडे पाहणार आहोत.

थायरॉइड ही कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, साधारण वीस ग्रॅम वजनाची ग्रंथी आहे. हृदयाची गती, पचन, शरीराची उष्णता, मासिक पाळी, मनाची उभारी या साऱ्यांचा वेग तिच्या संप्रेरकांवर अवलंबून असतो. १९१२ मध्ये जपानमधील हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांत प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी त्याला दिसली. त्या पेशी तिथे काय करत होत्या, हे कळायला आणखी चार दशके जावी लागली. १९५६ मध्ये लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार झालेली असतात. हाशिमोतोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात ग्रंथी हळूहळू निकामी होते आणि संप्रेरक कमी पडते.

याच घराण्यातला दुसरा आजार नेमका उलट्या दिशेने जातो. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये, छातीत सतत जोराची धडधड असणाऱ्या आणि गळा सुजलेल्या स्त्रियांचे वर्णन केले होते. ग्रेव्ह्ज आजारात तयार होणारे प्रतिपिंड ग्रंथीचा नाश करत नाही. दाराची घंटा कोणी दाबून धरावी, तसे ते ग्रंथीला अखंड चेतवत राहते आणि संप्रेरक गरजेपेक्षा कितीतरी अधिक तयार होते. हे दोन्ही आजार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अनेक पटींनी अधिक आढळतात, आणि एकाच घरात आईला एक व मुलीला दुसरा असेही घडते.

गलगंड म्हटले, की जुन्या पिढीला आयोडीनची कमतरता आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये त्याच कारणासाठी सुरू झाला आणि आयोडीनयुक्त मीठ त्यातूनच घरोघरी पोहोचले. परंतु प्रतिकारशक्तीमुळे होणारा थायरॉइडचा आजार जादा आयोडीनने बरा होत नाही. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांसारख्या पदार्थांतून मिळणारे भरमसाट आयोडीन उलट तो बिघडवू शकते. घरातले नेहमीचे मीठ मात्र बदलण्याचे कारण नाही.

(दृश्य : मे महिन्यातील दुपार, व्हरायटी चौक. चेहऱ्यांना गुंडाळलेले दुपट्टे.)

नागपूरच्या हवेमुळे या आजाराचे निदान लांबण्याची शक्यता असते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना घाम फुटणे, झोप न लागणे, वजन उतरणे आणि चिडचिड होणे याला कोणीच आजार म्हणत नाही, आणि ग्रेव्ह्जची सुरुवात नेमकी याच लक्षणांनी होते. डिसेंबरच्या कडाक्यात अंगावर दोन स्वेटर चढवून बसलेल्या बाईकडेही कोणी संशयाने पाहत नाही. म्हणून प्रश्न तुलनेचा आहे : कूलरसमोर घरातले सगळे निवांत झोपलेले असताना एकट्याचीच उशी भिजत असेल, बसल्या जागी नाडी शंभराच्या वर जात असेल, किंवा उन्हाळ्यातही एखादीला पांघरूण लागत असेल, तर रक्ततपासणी करून घ्यावी.

तपासणीत प्रथम पाहिला जातो तो टीएसएच. हे संप्रेरक मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीतून येते. थायरॉइड कमी पडला की ते वाढते आणि थायरॉइड अति झाला की घटते. जोडीला थायरॉइडची स्वतःची संप्रेरके, म्हणजे मुक्त टी-४ आणि आवश्यकतेनुसार टी-३, पाहतात. हाशिमोतोच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये टीपीओ या थायरॉइडमधील घटकाविरोधी प्रतिपिंडे सापडतात, पण ती एकदा सापडली की दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजण्यात काही अर्थ नसतो, कारण उपचार त्या आकड्यावर ठरत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रक्त देण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्या थांबवाव्यात. त्यांच्यामुळे काही यंत्रांवर अहवाल साफ चुकीचे येतात आणि नसलेला ग्रेव्ह्ज कागदावर अवतरतो.

आता डॉक्टर कोणता, हा प्रश्न. टीएसएच वाढलेला आहे, प्रतिपिंडे आहेत, गर्भधारणेचा विचार नाही आणि हृदयविकारही नाही, अशा रुग्णाला तालुक्याचा चांगला फिजिशियन पूर्णपणे पुरेसा आहे; त्यासाठी गोंदियाहून येण्याजाण्यात दिवस मोडण्याची आवश्यकता नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. टीएसएच दहाच्या आत आणि टी-४ योग्य पातळीवर असेल, तर अनेकदा गोळीसुद्धा लागत नाही, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे पुरते. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाची, म्हणजे एन्डोक्रायनॉलॉजिस्टची, खरी गरज वेगळ्या ठिकाणी असते : टीएसएच खूप घटलेला असताना, गर्भारपणात, लहान मुलांमध्ये, डोळे बाहेर येऊ लागल्यावर, आणि गोळी नीट घेऊनही आकडे जागेवर येत नसतील तेव्हा. पाटीवर नुसते ‘थायरॉइड स्पेशालिस्ट’ लिहिलेले पुरेसे नाही, त्यामुळे नावापुढे या विषयातील डीएम किंवा डीआरएनबी ही पदवी आहे का, हे वाचून पाहावे. खाजगी दवाखाना परवडत नसेल, तर मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याच्याशी जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मिहानमधील एम्स अशी सरकारी दारे शहरात आहेत. कोणत्या वारी कोणती ओपीडी असते, एवढे आधी विचारून निघावे.

(दृश्य : तपासणीची खोली. डॉक्टरांचे हात जवळून.)

तज्ज्ञ काय पाहतात, हे थोडे जवळून पाहू. समोर बसलेल्या तरुणीला डॉक्टर दोन्ही हात पुढे करून बोटे ताणायला सांगतात आणि त्या बोटांवर एक कोरा कागद ठेवतात. हाताचा कंप नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता, पण कागदाची कडा थरथरू लागते. मग पाण्याचा घोट तोंडात धरून, सांगितल्यावर गिळायला सांगतात. घोट उतरताना गळ्यातली ग्रंथी वर सरकते आणि तिचा आकार डॉक्टरांच्या बोटांखाली येतो. नंतर स्टेथोस्कोप छातीऐवजी गळ्यावर ठेवला जातो, कारण ग्रेव्ह्जमध्ये ग्रंथीतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज काही वेळा ऐकू येतो.

या तपासणीमागे एक महत्त्वाचा निवाडा असतो. टीएसएच घटला म्हणजे ग्रेव्ह्जच असतो असे नाही. बाळंतपणानंतर किंवा एरवीही ग्रंथीला सूज येऊन आत साठलेले संप्रेरक रक्तात सांडू शकते. अशा वेळी नवे संप्रेरक तयारच होत नसते, त्यामुळे ते तयार होणे थांबवणारी गोळी निरुपयोगी ठरते. काही आठवड्यांत तो भर आपोआप ओसरतो, आणि मग काही जणींचा थायरॉइड कमी पडू लागतो. टीएसएचच्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसून ग्रंथीला चेतवणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी किंवा थायरॉइडचा स्कॅन यांमुळे हा फरक कळतो. तो न करता थेट गोळी सुरू झाली असेल, तर दुसरे मत घेण्याला हे पुरेसे कारण आहे.

कमी पडलेल्या थायरॉइडचा उपचार लेव्होथायरॉक्सिन. हे संप्रेरक एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये प्रथम वेगळे केले. आपले मेयो रुग्णालय लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयच्या नावाचे, त्याचा याच्याशी संबंध नाही. गोळी साधी असली तरी ती घेण्याची रीत काटेकोर आहे. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहासुद्धा घेऊ नये. विदर्भातल्या घरात उठल्याबरोबर चहा न घेणे ही मोठीच शिक्षा, हे मान्य करून तज्ज्ञ काही रुग्णांना रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेण्याची मुभा देतात, आणि तीही चालते. ही गोळी आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी यांत मात्र चार तासांचे अंतर हवेच. बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये, कारण उष्णता, उजेड आणि दमट हवा यांनी या औषधाची ताकद उतरते. त्याचे शरीरातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्यामुळे मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच तपासणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. वृद्ध आणि हृदयरुग्णांना सुरुवात अगदी लहान मात्रेने करतात.

ही गोळी प्रतिकारशक्तीचा मूळ बिघाड दुरुस्त करत नाही, कमी पडलेले संप्रेरक तेवढे भरून देते. ‘थायरॉइड मुळापासून बरा’ अशा जाहिराती नेमक्या या जागेवर बोट ठेवून विकल्या जातात. त्यांच्या नादाने चालू गोळी बंद करणाऱ्यांचा टीएसएच काही महिन्यांत आकाशाला भिडतो.

ग्रेव्ह्जमध्ये निवड खरोखरच रुग्णाच्या हाती असते, आणि तज्ज्ञाबरोबरचा वेळ इथे खर्ची घालावा. वाटा तीन आहेत. पहिली कार्बिमाझोलची, म्हणजे संप्रेरक तयार होणे थांबवणाऱ्या गोळीची. सुरुवातीला धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल जोडीला देतात. कार्बिमाझोल साधारण बारा ते अठरा महिने घ्यावे लागते. पहिले काही महिने टीएसएच दबलेलाच राहू शकतो, म्हणून मात्रा टी-४ आणि टी-३ पाहून ठरते. गोळी थांबवल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये आजार परततो, आणि ग्रंथी मोठी असेल किंवा रुग्ण धूम्रपान करत असेल, तर ती शक्यता वाढते. या औषधाचा एक विरळ पण गंभीर धोका प्रत्येकाला ठाऊक असलाच पाहिजे : रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटू शकतात. ताप किंवा घसादुखी सुरू झाली, की गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे. पावसाळ्यात घरोघरी ताप असतो आणि डेंग्यूच्या धास्तीत ही गोष्ट विसरली जाते. ताप पाहणाऱ्या डॉक्टरांना ‘मी कार्बिमाझोल घेते’, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

दुसरी वाट किरणोत्सारी आयोडीनची. १९४१ मध्ये बॉस्टनमध्ये ते प्रथम वापरले गेले. रुग्ण एक कॅप्सूल किंवा द्रव घेतो, ग्रंथी ते आयोडीन ओढून घेते आणि पुढील काही आठवडे ते महिन्यांत आतूनच निकामी होते. या आयोडीनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना ते कधीच देत नाहीत, नंतरचे किमान सहा महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि काही दिवस लहान मुलांपासून व गर्भवतींपासून अंतर ठेवावे लागते. दोन खोल्यांच्या घरात सात माणसे राहत असतील, तर हे अंतर कसे ठेवणार, हे औषध घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची. ग्रंथी फार मोठी असेल, तिच्यात संशयास्पद गाठ असेल, डोळ्यांचा आजार तीव्र असेल किंवा लवकर मूल हवे असेल, तर ती उजवी ठरू शकते. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी थायरॉइडला चिकटून असतात. म्हणून ‘या शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता?’, हा प्रश्न शल्यचिकित्सकाला न संकोचता विचारावा. लग्नाच्या मुलीच्या गळ्यावर व्रण नको, म्हणून ही वाट परस्पर बंद करणारी आणि पाहुणे येणार म्हणून गोळ्यांची बाटली कपाटात दडवणारी घरे इथेही आहेत. निर्णय मुलीचा आहे, हे तिच्यासमोर बोलले गेले पाहिजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेनंतर बहुतेकांना लेव्होथायरॉक्सिन जन्मभर घ्यावे लागते, हे आधीच माहीत असावे.

डोळ्यांविषयी थोडक्यात : पापण्या मागे ओढल्या जाणे, डोळे चुरचुरणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे यांपैकी काहीही असेल, तर नेत्रतज्ज्ञाला सोबत घ्यावे. धूम्रपान सोडणे हा यातला सर्वांना शक्य असलेला उपचार आहे. किरणोत्सारी आयोडीनने डोळे बिघडू शकतात, म्हणून त्याआधी ते तपासलेले असावेत.

(दृश्य : गर्भवतींची बाह्यरुग्ण तपासणी. रांग.)

गर्भारपणात हिशेब बदलतो. लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना कळवावे लागते, कारण गोळीची गरज साधारण पाव ते निम्म्याने वाढते आणि सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच संप्रेरकावर असते. कार्बिमाझोल घेणाऱ्या स्त्रीने तर मूल होऊ देण्याचा विचार सुरू होतानाच तज्ज्ञाला भेटावे. पहिल्या तीन महिन्यांसाठी औषध बदलावे लागू शकते. यांत सर्वांत सहज निसटते ती पूर्वी ग्रेव्ह्जसाठी शस्त्रक्रिया झालेली किंवा आयोडीन घेतलेली स्त्री. तिची ग्रंथी उरलेली नसते, टीएसएच गोळीमुळे व्यवस्थित असतो, पण चेतवणारी प्रतिपिंडे रक्तात राहिलेली असू शकतात आणि वारेतून बाळाच्या थायरॉइडपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून गर्भारपणाच्या सुरुवातीला, आणि ती जास्त आढळली तर पुन्हा १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान, ती मोजतात. बाळंतपणासाठी ती माहेरी, गडचिरोलीला किंवा बालाघाटला, जाणार असेल, तर तेथील डॉक्टरांच्या हाती पडणाऱ्या कागदावर ‘टीएसएच नॉर्मल’ एवढेच लिहून भागत नाही. पूर्वी ग्रेव्ह्ज होता, त्यावर अमुक उपचार झाला, प्रतिपिंडांचा शेवटचा आकडा इतका आला आणि जन्मल्यावर बाळाचे ठोके व थायरॉइड तपासावा, असे तज्ज्ञाने लिहून द्यायला हवे. ते दिलेले नसेल, तर गाडी धरण्यापूर्वी मागून घ्यावे.