युकिओ तानी : लंडनच्या रंगमंचावरचे जुजुत्सू

१९०० साली युकिओ तानी जपानहून लंडनला पोहोचले, तेव्हा ते अवघे १९ वर्षांचे होते. अंगकाठी लहानखुरी होती. परंतु आजोबा आणि वडील दोघेही जुजुत्सू या निःशस्त्र झुंजीच्या जुन्या जपानी विद्येचे शिक्षक असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा तोल हेरणे, त्याच्याच जोरावर त्याला उलथवणे आणि सांध्याला पेच घालून त्याला शरण आणणे हे त्यांच्या अंगात लहानपणापासूनच मुरलेले होते.

त्यांना लंडनला बोलावले होते एडवर्ड बार्टन-राइट या इंग्रज अभियंत्याने. जपानमध्ये असताना त्याने जुजुत्सूचे धडे घेतले होते आणि मायदेशी परतल्यावर त्यात काठी व मुष्टियुद्ध मिसळून ‘बार्टित्सू’ नावाची स्वसंरक्षणाची पद्धत उभी केली होती. तानींबरोबर त्यांचे थोरले बंधूही आले होते. पण तिकिटे लावून रंगमंचावर विद्येचे प्रदर्शन मांडणे त्यांना रुचले नाही आणि ते लवकरच जपानला परतले. धाकटे बंधू मात्र लंडनमध्येच राहिले. घराण्याच्या विद्येचा बाजार मांडला, असा आक्षेप या निर्णयावर घेता येईल. तो आक्षेप न्याय्य नाही, कारण बंद दाराआडच्या वर्गात जे मूठभर लोकांना दिसले असते, ते या मंचामुळे हजारोंनी पाहिले.

बार्टन-राइटशी बिनसल्यावर तानींनी विल्यम बँकिअर या स्कॉटिश शक्तिवीराशी हातमिळवणी केली. ‘अपोलो’ या नावाने गाजलेला बँकिअर व्यवस्था पाहू लागला आणि म्युझिक हॉलमध्ये, गाण्यांच्या व नकलांच्या कार्यक्रमांमध्येच, तानी प्रेक्षकांना जाहीर आव्हान देऊ लागले. ठरावीक मिनिटे त्यांच्यासमोर टिकून राहणाऱ्याला रोख बक्षीस मिळत असे. अट एकच होती : आव्हान स्वीकारणाऱ्याने जाड कापडाचा जपानी अंगरखा घालावा. या अटीतच सारी मेख होती. आपल्या कुस्तीप्रमाणे इंग्लंडच्या कुस्तीतही पाठ टेकली की हार ठरत असे, त्यामुळे तिथले धिप्पाड मल्ल पाठ जमिनीला लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत. तानी मात्र स्वतःहून पाठीवर पडत, पाय प्रतिस्पर्ध्याच्या पोटाला लावून त्याला डोक्यावरून पलीकडे भिरकावत आणि जमिनीवर आल्यावर अंगरख्याच्याच गळपट्टीने त्याचा गळा आवळत किंवा त्याचा हात कोपरात ताणून धरत. आपण नेमके कुठे अडकलो हे कळायच्या आतच समोरच्याला शरण यावे लागे.

१९०४ साली तारो मियाके हा वजनाने भारी आणि तितकाच निष्णात जपानी लढवय्या इंग्लंडला आला व त्याने तानींना हरवले. त्या पराभवाची अढी तानींनी मनात धरली नाही. त्याच मियाकेबरोबर त्यांनी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुजुत्सूची शाळा काढली आणि १९०६ साली दोघांच्या नावाने या विद्येवरचे पुस्तकही निघाले. हा उमदेपणा त्यांच्या कुठल्याही विजयाहून मोठा वाटतो.

गुंजी कोइझुमी या जपानी गृहस्थांनी १९१८ साली लंडनमध्ये ‘बुडोक्वाय’ ही जपानी युद्धकला शिकवणारी संस्था स्थापन केली, तेव्हा तिचे पहिले व्यावसायिक शिक्षक म्हणून तानीच पुढे आले. १९२० साली, जुजुत्सूतूनच घडवलेल्या ज्युडोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी संस्थेला भेट दिली आणि कोइझुमी व तानी या दोघांना ज्युडोतील दुसरी ‘दान’ (काळ्या पट्ट्याची श्रेणी) ही पदवी दिली. वर्षानुवर्षे बक्षिसांच्या लढती लढलेल्या माणसाला शिक्षणाला सर्वोच्च स्थान देणाऱ्या कानोंनी अशी मान्यता द्यावी, याचे मोल फार मोठे आहे. पुढे तानी ज्युडोच शिकवू लागले, पण जमिनीवरच्या पेचांवरची त्यांची हुकमत जुन्या जुजुत्सूतूनच आलेली होती.

१९३७ साली पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचे झुंजणे कायमचे थांबले. २४ जानेवारी १९५० रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी दोनच वर्षे, १९४८ साली, ब्रिटिश ज्युडो असोसिएशनची स्थापना झाली होती आणि तिच्या अध्यक्षपदी कोइझुमी होते.