घोड्याच्या ट्रेलरमध्ये बेडिंग टाकायचं का? आधी मॅट उचलणार का ते सांगा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत ट्रेलरचं दार उघडं दिसलं काय, कॉमेंटमध्ये सगळ्यांची नजर थेट तळावर. "खाली नुसतं रबर?" "एवढ्या लांब न्यायचं आणि बसायला काही नको?" अहो, मोठा घोडा ट्रेलरमध्ये बसत नाही, अख्खा रस्ता उभाच असतो. ट्रेलरमध्ये घोडा बसला असं कळलं, तर बेडिंगचा, म्हणजे खाली पसरायच्या छिलप्यांच्या किंवा पेंढ्याच्या थराचा, विचार सोडा आणि गाडी बाजूला घ्या. आईबरोबरचं शिंगरू मात्र खरंच आडवं होतं, त्याच्यासाठी जाड थर हवाच. तो विषय वेगळा.

पाया पटकन सांगतो, बहुतेकांना माहीतच असेल. खाली तळ, लाकडी फळ्यांचा किंवा ॲल्युमिनियमचा. त्यावर रबरी मॅट. त्यावर बेडिंग, लागलं तर. मॅट नसेल तर बेडिंगचा प्रश्नच येत नाही. उघड्या पत्र्यावर किंवा फळीवर छिलपे टाकले की ते नालेखाली सरकतात. वर साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला तोल सावरत असतं. पकड आणि धक्के हे मॅटचं काम. "बेडिंगमुळे घोडा घसरत नाही" हे वाक्य मला दर आठवड्याला कोणीतरी ऐकवतं. मॅट असेल तर घसरत नाही, बाबांनो. बेडिंगचा ढीग जास्त झाला तर उलट घसरतो.

मग बेडिंग कशासाठी? मुतासाठी. बरेच घोडे कडक तळावर मुतत नाहीत, कारण पायांवर शिंतोडे उडतात आणि ते त्यांना अजिबात आवडत नाही. खच्ची घोडे तर यात पक्के हट्टी. पाच-सहा तास दाबून ठेवतील, मुक्कामी उतरवून ताज्या भुशावर नेलं की दुसऱ्या पावलाला पाय फाकवून उभे, आणि चेहऱ्यावर असं समाधान की बघत राहावं. तुमच्यातल्या अर्ध्यांनी हे पाहिलेलं असणार. लांबच्या प्रवासात एवढं दाबून ठेवणं त्याला त्रासाचं आहे. तो अस्वस्थ होतो, पाय आपटतो. अशा घोड्यासाठी बेडिंग टाका, बिनधास्त टाका.

तासाभराचा प्रवास असेल तर? गरज नाही. लीद पडेल, झाडून काढा, संपलं.

टाकायचं ते कुठे, हे कोणी विचारतच नाही! घोडा आणि खच्ची घोडा मधोमध मुततात, पोटाखाली. घोडी मागे, दाराच्या बाजूला. म्हणजे थर तिथे द्यायचा, दोन-तीन इंच. पुढे तोंडापाशी जवळजवळ काही नको. तिथलं बेडिंग वाऱ्याने उडून सरळ डोळ्यात आणि नाकात जातं, दुसरा काही उपयोग नाही त्याचा.

नाकाचं आलंच आहे तर एक मिनिट थांबू. ट्रेलरमध्ये म्होरकीला दोर आखूड बांधला की घोड्याला मान खाली घेता येत नाही. मान खाली गेली तरच त्याच्या श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडते. तासन्‌तास मान वर, त्यात भुशाची धूळ, त्यात गवताच्या जाळीची धूळ: लांबच्या प्रवासानंतर घोड्यांना न्यूमोनिया होतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणून साधारण चार तासांनी थांबा, पाणी दाखवा, मान खाली घेऊ द्या. आणि बेडिंग घोडा चढवण्याआधी पाण्याने शिंपडून घ्या. शिंपडून म्हणालो. मागे एकाने पाइप धरला आणि "तुमचं ऐकून चिखल झाला" म्हणून मलाच ऐकवलं. मुठीत धरलं तर दमट लागावं, पाणी गळू नये, इतकंच.

कोणतं टाकायचं? रंध्याचे मोठे छिलपे, पाइनचे उत्तम. करवतीचा बारीक भुसा नको, ती निव्वळ धूळ आहे. पेंढा दिसायला छान, पण मूत नीट शोषत नाही आणि ओला झाला की निसरडा. लाकडाच्या गोळ्या, म्हणजे दाबलेल्या भुशाचे पेलेट, वापरणार असाल तर आधी भिजवून फुलू द्या, कोरड्या गोळ्या खुराखाली गडगडतात. आणि छिलपे सुतारखान्यातून फुकट मिळत असतील तर लाकूड कोणतं ते विचारा. काळ्या अक्रोडाचे, म्हणजे ब्लॅक वॉलनटचे छिलपे थोडे जरी मिसळलेले असले तरी काही तासांत घोड्याला लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आत सूज येण्याचा वेदनादायक आजार, होऊ शकतो. नुसतं त्यावर उभं राहून. खायचीही गरज नाही.

अजून एक: बेडिंग पेटतं. पुढच्या गाडीतून फेकलेलं सिगरेटचं थोटूक उघड्या खिडकीतून आत पडू शकतं. खिडक्यांना जाळी लावा. आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत बसून स्वतः सिगरेट ओढणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही.

आता मुद्द्याचं. मी स्वतः छोट्या प्रवासाला बेडिंग का टाकत नाही? आळशी आहे म्हणून नव्हे. बेडिंग टाकलं की त्याच दिवशी ते काढावं लागतं आणि मॅट उचलावी लागते. नुसतं झाडून चालत नाही. मॅट उचलावी लागते.

[मॅटचा कोपरा उचलून खालची बाजू कॅमेऱ्यासमोर]

हे बघा. ही कडेची पट्टी, इथे मॅट भिंतीला टेकते. छिलप्यांचा बारीक चुरा इथून खाली जातो आणि ओला राहतो. वरून मॅट कोरडी, खाली हा लगदा. वास इथपर्यंत येतोय. मुतातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, तो हा वास. पुढच्या खेपेला बंद ट्रेलरमध्ये घोडा हेच हुंगत उभा राहणार, आणि आपण मघाशी त्याच्याच फुफ्फुसांची काळजी करत होतो.

"मी प्रत्येक वेळी पाइपने धुतो" असं म्हणणारे खूप आहेत. मॅट न उचलता धुता ना? मग पाण्याबरोबर ती घाण तुम्ही स्वतःच्या हाताने खाली ढकलताय. न धुतलेलं परवडलं. जंतुनाशकाचंही तेच. लीद आणि भुशाच्या थरावर फवारलं तर त्याचा काही उपयोग नाही, आधी घाण निघाली पाहिजे. दुसऱ्यांचे घोडे नेत असाल तर हे दोनदा ऐका, कारण स्ट्रँगल्ससारखे (घोड्यांच्या घशाच्या गाठी सुजवणारे) संसर्गजन्य आजार याच वाटेने पसरतात.

ओळखीच्या एकांनी जुना ट्रेलर घ्यायचा ठरवला आणि मला बघायला नेलं. बाहेरून रंग नवा, आत मॅट चकाचक, विकणारा म्हणे "कायम जाड बेडिंग टाकायचो, घोड्यांना जपलंय." मी मॅट उचलायला सांगितली तर म्हणाला कशाला, घट्ट बसल्या आहेत. उचलली. मागच्या चाकापाशी फळीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर न लावता अर्धी पाती आत गेली. वरून फळी शाबूत दिसत होती, बरं का. अशा फळीतून चालत्या गाडीत घोड्याचा पाय खाली रस्त्यावर जातो. पुढचं मी कॅमेऱ्यासमोर सांगत नाही. ट्रेलर त्यांनी घेतला नाही.

ॲल्युमिनियमवाले, हसू नका. तुमचा तळ कुजत नाही, गंजतो. पांढरी पूड दिसली, बोटाला छोटे खड्डे लागले, म्हणजे मूत धातू खातंय. आणि ट्रेलरखाली झोपून आडव्या पट्ट्याही बघा. त्या पोलादाच्या असतील तर त्यांना गंज आधी लागतो, आणि सगळं वजन त्यांच्यावरच आहे.

कोणीतरी विचारलंय, मॅट स्क्रूने पक्की केली आणि कडांना सिलिकॉन भरलं तर? तर ओल आत अडकेल आणि तुम्ही ती बघूही शकणार नाही. स्क्रूच्या भोकातून पाणी जातंच. हां, तळावर अखंड ओतलेलं किंवा फवारलेलं रबर असतं, भिंतीवर चार बोटं चढवलेलं, सांधा नसलेलं. ते असेल तर उचलायला काही नाही, झाडा, धुवा, सुकवा, आणि बेडिंग खुशाल टाका. भेग पडली नाही ना एवढं बघत जा.

बाकीच्यांची तक्रार मला माहीत आहे: मॅट जड आहे. आहेच. चार बाय सहा फुटांची पाऊण इंची मॅट साधारण ४५ किलो भरते. पूर्ण बाहेर काढू नका. लॉक होणाऱ्या दोन पकडी घ्या, एका कडेला लावा, दोघांनी ओढून भिंतीला तिरकी उभी करा. खालचं झाडा, धुवा, आणि दारं उघडी ठेवून रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी फळी हाताला कोरडी लागली तरच मॅट खाली टाका. ओलीवर टाकणार असाल तर उचललीच कशाला?