दोन माळा

(लालबागमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘धर्म आणि अंधश्रद्धा : फरक काय?’ मला पंचेचाळीस मिनिटं दिलेली आहेत. हा विषय मी बरीच वर्षं मनात घेऊन फिरतोय आणि तो लालबागेत मांडायला मिळतोय याचा मला फार आनंद आहे. कारण हा प्रश्न मला पडला तो इथून पाच मिनिटांवरच्या चाळीत.

टेबलावर एक तांब्या आहे, त्याच्या गळ्यात एक माळ आहे. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

आमचे आण्णा गिरणीत साचेखात्यात होते. मूळचे सातारकडचे, वारकरी. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली तेव्हा मटण सुटलं, नाक्यावरची बैठक सुटली, एकादशी लागली. एकदा पगाराच्या पाकिटात पन्नास रुपये जास्त आले. त्या काळी पन्नास रुपयांत आमचं महिन्याचं वाणसामान अर्धं भरायचं. आई काही बोलली नाही, पण तिच्या मनात काय होतं ते आम्हा मुलांना दिसत होतं. आण्णांनी चहासुद्धा घेतला नाही, उलट्या पावली गिरणीत गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “गळ्यात माळ आहे गं.”

ही पहिली माळ. तिच्याशी माझं कधीच भांडण नव्हतं, आजही नाही.

1978 च्या पावसाळ्यात आण्णांचे डोळे पिवळे झाले. लघवी चहासारखी, अंगाला विलक्षण खाज. रात्री गॅलरीत उभे राहून फणीने पाठ खाजवायचे. तो लाकडी फणीचा करकर आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. केईएम हॉस्पिटल आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण केईएम म्हणजे सकाळचा केसपेपर, मग ओपीडीची रांग, मग रक्त, मग उद्या या. म्हणजे खाडा. दोन-तीन खाडे झाले की पगार कापला जाणार. आणि शेजारच्या काकी म्हणाल्या, “अहो, कावीळ डॉक्टरला कळत नाही, ती उतरवावी लागते.” उपनगरात एक गृहस्थ रविवारी सकाळी कावीळ उतरवायचे. रविवार, म्हणजे खाडा नाही. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. आमचे आण्णा मूर्ख नव्हते. त्यांच्या आठवड्यात रविवारच तेवढा मोकळा होता.

मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. अंगणात चाळीस-पन्नास माणसं. त्या गृहस्थांनी आण्णांचे हात चुन्याच्या निवळीत धुतले. पाणी पिवळं झालं. माझ्या अंगावर काटा आला. मग हिरव्या काड्यांच्या बारीक तुकड्यांची एक माळ त्यांच्या डोक्यावर बसवली, टोपीसारखी घट्ट. सांगितलं, “ही खाली उतरत जाईल तशी कावीळ उतरेल. मात्र इंजेक्शन घ्यायचं नाही, गुण जाईल.” अकरा रुपये.

आणि माळ खरोखर उतरली! चार दिवसांत डोक्यावरून गळ्यात आली, दुसऱ्या आठवड्यात छातीवर. चाळीत लोक बघायला यायचे, “उतरतेय, उतरतेय” म्हणायचे. आण्णा मात्र जास्तच पिवळे होत होते. शेवटी थंडी वाजून ताप भरला, शुद्ध हरपायला लागली, तेव्हा त्यांना उचलून केईएमला नेलं. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता, मागे पू झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, “इतके दिवस कुठे होतात?” तेव्हा आण्णांच्या गळ्यात दोन्ही माळा होत्या. काड्यांची माळ बेंबीपर्यंत पोचली होती. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आईने कात्री मागितली आणि काड्यांची माळ कातरली. तुळशीची तशीच ठेवली. ती त्यांच्याबरोबर गेली.

(थोडा वेळ थांबून) माफ करा. पुढे जाऊ.

आता यातलं शास्त्र. पावसाळ्यात दूषित पाण्यातून जी कावीळ होते, ती बहुतेकांची विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घाला किंवा घालू नका. म्हणून त्या अंगणात शंभरातले बरेच जण बरे होत होते आणि गावभर सांगत होते. जे बरे झाले नाहीत ते सांगायला उरले नाहीत. हात धुताना पाणी पिवळं होतं ते आंब्याच्या झाडाच्या सालीच्या रसामुळे. तो हाताला लागलेला असला आणि त्यावर चुन्याची निवळी पडली की पिवळा रंग येतो. तुमचे-माझे निरोगी हात धुतले तरी येतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे गावोगाव करून दाखवलंय.

इथे दुसऱ्या रांगेतल्या ताई मान हलवतायत. तुमच्याकडेही कोणी उतरवली होती ना? हात वर करा बघू... पाहा, अर्ध्या सभागृहाचे हात वर आहेत. आणि 21 सप्टेंबर 1995 ला गणपतीला दूध पाजायला कोण कोण रांगेत होतं? लाजू नका, देवळांच्या बाहेर मीही रांगा पाहिल्यात. चमच्यातलं दूध मूर्तीच्या ओल्या पृष्ठभागाला टेकलं की ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. त्या रांगेचं मला फार दुःख नाही, दूध वाया गेलं एवढंच. 2006 च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्र गोड झाला म्हणून लोकांनी बाटल्या भरल्या. माहीमच्या दर्ग्यातल्या मखदूम बाबांची कृपा म्हणाले. पावसाचं गोडं पाणी मिठी नदीतून खाडीत उतरलं होतं, आणि मिठीत काय काय असतं ते मुंबईकराला सांगायला नको. पालिका पिऊ नका म्हणत होती आणि लोक ते पाणी लेकरांना पाजत होते. दूध पाजणं वेगळं आणि हे वेगळं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता घाईत उरकावा लागणार. तर ऐका.

मी ज्या मंडळींबरोबर काम केलं त्यांच्यातले काही म्हणायचे, आईची वारीसुद्धा थोतांड. आणि दुसरीकडचे म्हणायचे, माळवाल्याला हात लावलात तर तो धर्मावर हल्ला. दोघांनी मिळून माझ्या आईवर अन्याय केला. आण्णांच्या पहिल्या माळेने त्यांच्याकडून काहीतरी मागितलं होतं. खोटं सोड, दारू सोड, दुसऱ्याचे पैसे परत कर. बदल्यात बरं करीन असं तिने कधी सांगितलं नाही. दुसऱ्या माळेने अकरा रुपये घेतले, गुणाची हमी दिली आणि दवाखान्याची वाट बंद केली. धर्म आणि अंधश्रद्धा यांतला फरक मला या दोन माळांत दिसतो.

गाडगेबाबा घ्या. कीर्तनात नवस आणि बोकडबळी यांच्यावर तुटून पडायचे आणि आयुष्यभर धर्मशाळा बांधत राहिले. आजही दादरला त्यांच्या मिशनच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे कॅन्सरचे रुग्ण राहतात. त्या माणसाचा धर्म रुग्णाला दवाखान्याच्या जवळ आणतो.

आपला जादूटोणाविरोधी कायदाही हेच सांगतो. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, घरची-देवळातली-दर्ग्यातली उपासना, सगळं त्यातून वगळलंय. साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं मात्र गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. त्या यादीत मला कावीळही हवी होती.

कोणी विचारेल, नवसाचं काय? माझ्या आईनेही आण्णांसाठी विठोबाला नवस बोलला होता. तो धर्म की अंधश्रद्धा? मला विचाराल तर तिने नवस बोलून आण्णांना टॅक्सीत घालून केईएमला नेलं असतं, तर माझी काही तक्रार नव्हती. आणि ओपीडी रविवारी चालू असती, तर कदाचित त्या अंगणात आम्ही गेलोच नसतो. हे सरकारदरबारी सांगायला हवं, नुसतं चाळीत सांगून भागणार नाही.

वेळ संपली. हा तांब्या. माझ्या कुंडीतल्या अडुळशाच्या ओल्या काडीचे तुकडे करून गेल्या रविवारी मी ही माळ बांधली, तेव्हा ती याच्या गळ्यात घट्ट बसत होती. काड्या वाळल्या, बारीक झाल्या, गाठी सैल पडल्या, आतला दोरा सुटला. आता बघा, माळ टेबलाला टेकलीय, आणि तांब्याला कावीळ नव्हती. पहिल्या रांगेपासून फिरवतो. घाई करू नका, गाठ बोटाने हलकेच सरकवून पाहा. ताई, घ्या, तुमच्यापासून सुरुवात.