यंत्राला कर्ज मिळतं, मिरचीला?

मागे बसलेल्या ताईंना ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत माझा विषय ‘लघुउद्योगासाठी शासकीय योजना’ असा छापलाय. योजनांवर येतेच. पण आधी मिरचीवर बोलू द्या. उन्हाळ्यात चटणी कांडून आणलेल्या किती जणी आहेत इथे? बघा, नुसत्या आठवणीनं ठसका लागला!

माझं कांडप यंत्र फेब्रुवारीच्या शेवटी आलं. कर्जाचे पैसे बँकेनं कोटेशनप्रमाणे थेट पुरवठादाराला दिले होते. नारळ फोडला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात गेले तर अडत्या म्हणाला, माल रोखीनं. मसाल्याच्या धंद्यात वर्षाची मिरची उन्हाळ्यातच भरावी लागते. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, शिवाय धणे, खोबरं, तीळ. आणि दुकानदार पैसे देणार दोन-दोन महिन्यांनी. माझ्याकडे यंत्र होतं, वीजजोडणी होती, मिरची नव्हती. हप्ता मात्र सुरू झाला होता.

बँकेत गेले. साहेब म्हणाले, “यंत्राला दिलं ना? आता मालासाठी हवं तर घराचा उतारा आणा, जामीनदार आणा.” चार फेऱ्या मारल्या. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं तेव्हाही सांगून ठेवलेलं होतं. मला ते कुणी सांगितलं नाही. ती गोष्ट अजून मनाला लागते, म्हणून प्रत्येक मेळाव्यात सांगते.

शेवटी आमच्या बचत गटानं 20 हजार दिले. पहिली पोती आली, देठ खुडायला सासूबाई आणि शेजारच्या दोघी बसल्या. चटणी विकायची, आलेल्या पैशातून पुन्हा मिरची घ्यायची, असं फिरवत फिरवत तो उन्हाळा निघाला.

लिज्जतचं आठवा. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या, त्या 80 रुपये उसने घेऊन. पोळपाट-लाटणं घरोघरी होतंच. पैसा हवा होता मालाला. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: बँकेत जाताना यंत्राच्या कोटेशनबरोबर खेळत्या भांडवलाचा, म्हणजे माल भरायला आणि उधारी येईपर्यंत धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचा, हिशेब घेऊन जा. किती महिन्यांचा माल भरायचा, उधारी किती दिवसांची, हे प्रकल्प अहवालात पहिल्या दिवशीच लिहा. मागाहून मागायला गेलं की माझ्यासारख्या फेऱ्या होतात.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा भरभर सांगते. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत, ‘किशोर’मध्ये 5 लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, आणि ते मालासाठीही मागता येतं.

पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. ग्रामीण महिलेला 35 टक्के अनुदान, स्वतःचे 5 टक्के. म्हणजे 10 लाखांच्या प्रकल्पात तुमचे 50 हजार, अनुदान साडेतीन लाख. पण ते साडेतीन लाख हातात पडत नाहीत! तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतात, मग कर्जात वळते होतात. त्यावर मिरची घ्यायचं मनात धरू नका. आणि “अनुदान काढून देतो” म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका, अर्ज फुकट भरता येतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारदरबारी होणारी नोंद, तीही फुकट आहे.

खाद्यप्रक्रिया करणाऱ्या बचत गटांसाठी तर केंद्राच्या सूक्ष्म खाद्य उद्योग योजनेत प्रत्येक सदस्यामागे 40 हजारांपर्यंत बीजभांडवल ठेवलंय, खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी. ‘उमेद’च्या, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्याच्या अभियानाच्या, ताईंना त्याबद्दल आजच विचारा, त्या दाराशीच बसल्यात.

उधारीचं राहिलं. उद्यम नोंदणी असली की तुमच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. बिलावर नोंदणी क्रमांक छापून घ्या.

ज्यांनी यंत्राचं कोटेशन आणलंय त्यांनी जेवणानंतर थांबा. मी वही आणलीय, एकेकीचा मालाचा हिशेब मांडू.