रोजची भाकर, आजच्यापुरती

श्रोतेहो, जय ख्रिस्त.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत एक ओळ आहे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ आपल्या मराठी शास्त्रात त्या जागी पोळी नाही, नुसतं अन्नही नाही. भाकर आहे. ज्यांनी हा शब्द तिथे ठेवला त्यांचे मी उपकार मानते, कारण त्यामुळे माझ्या आईला देवाशी बोलताना शब्द शोधावा लागला नाही. चुलीपुढे बसून ती जे थापत होती, तेच ती मागत होती.

मी नगर जिल्ह्यातली. 1972 च्या दुष्काळात दहा वर्षांची होते. विहिरीत पोहरा सोडला की तळाच्या दगडावर वाजायचा. गावातली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर होती. कुठे पाझर तलाव, कुठे रस्ता, आणि बायांच्या वाट्याला खडी फोडणं. आईच्या बोटांना कायम चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. कामावर सुकडी मिळे, ती स्वतः न खाता पदरात बांधून आमच्यासाठी घरी आणायची. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी असे. मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी थापताना कडेला फाटायची आणि निवली की चावता चावत नसे. ती भाकरी टोपल्यात पडली की आई आम्हाला हात जोडायला लावायची आणि आम्ही सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचो.

त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ गोवराने गेला. तीन वर्षांचा होता. मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, घरी जमली होती, पाळकसाहेब प्रार्थनेला आले होते, आईने दोन रात्री देवापुढे पदर पसरला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना त्यानंतरही चालू राहिली. पण मला, एवढ्याशा मुलीला, एक गोष्ट लक्षात आली. ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही ओळ आली की आई गप्प व्हायची. ओठ मिटून, डोळे मिटून बसायची. आम्ही ती ओळ म्हणून संपवली की पुढच्या, भाकरीच्या ओळीला तिचा आवाज पुन्हा आमच्यात मिसळायचा. असं रोज. किती महिने, किती वर्षं, कोण मोजत होतं?

मंडळीतल्याच एका बाईंनी तेव्हा तिला म्हटलं होतं, “तुझा विश्वास कमी पडला गं.” मी तिथेच दाराशी उभी होते. पन्नास वर्षं झाली, ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. पुढे शिक्षिका झाले, गावोगावच्या मंडळ्यांमध्ये वावरले, आणि वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या खाटांशेजारी हेच वाक्य ऐकलं. नोकरी गेलेल्या मुलाला ऐकवलेलं, मूल न होणाऱ्या सुनेला ऐकवलेलं. कोरोनाच्या दिवसांत, ज्यांना आपल्या माणसाचं तोंडही शेवटचं बघता आलं नाही, त्यांनाही कुणी कुणी फोनवरून ऐकवलेलं. आज मी या माइकपुढे बसले आहे ते मुख्यतः या वाक्यासाठी. ते खोटं आहे. शास्त्राला धरून तर मुळीच नाही.

स्तोत्रसंहिता उघडून बघा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावं स्तोत्र आपल्याला पाठ असतं. त्याच्या अगदी अलीकडचं, बाविसावं, कसं सुरू होतं? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ आणि हे शब्द पुढे कुणाच्या तोंडी आले? वधस्तंभावर आपल्या प्रभूच्या. मग त्याचा विश्वास कमी पडला होता का? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते आपल्या पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. धरला जाण्याच्या आदल्या घटकेला, गेथशेमाने बागेत प्रभूने आधी काय मागितलं ते आठवा. हा प्याला माझ्यापुढून टळून जावो. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ त्यानंतर आलं, घामाने निथळत आलं, आणि एकदा म्हणून भागलं नाही, तो पुन्हा पुन्हा जाऊन तीच प्रार्थना करीत राहिला. जी ओळ म्हणायला खुद्द प्रभूला रात्र लागली, ती खडी फोडणाऱ्या एका आईने मूल पुरल्याच्या संध्याकाळी सहज म्हणावी, असा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरतो?

श्रोतेहो, आता मी तुम्हाला केडगावला नेते. पुणे–दौंड रेल्वेमार्गावरचं केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्तीचं, म्हणजे निराधार बायका-मुलींसाठी त्यांनी उभारलेल्या आश्रमाचं. रमाबाईंची विद्वत्ता आपण सगळे जाणतो, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं तेही जाणतो. मला मात्र आज त्यांच्या वाट्याला आलेली मरणं सांगायची आहेत. कोवळ्या वयात, दक्षिणेतल्या दुष्काळात, त्यांचं कुटुंब रानात अन्नावाचून फिरत होतं. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानफळं यांवर काढली. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या प्रेताला खांदा द्यायला पुरेशी माणसं नव्हती, म्हणून रमाबाई पुढे झाल्या, आणि उंचीने ठेंगण्या म्हणून तो भार त्यांनी डोक्यावर घेतला. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पटकीने पती गेले, तेव्हा लेक मनोरमा तान्ही होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं आपल्या साक्षींमध्ये आपण सांगतो तसं, त्यांच्या बाबतीत झालं नाही.

शारदा सदनाला, विधवांसाठी त्यांनी काढलेल्या पुण्यातल्या शाळेला, अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं होतं. ती मुदत 1898 मध्ये संपणार होती. आणि नेमक्या त्याच्या तोंडावर, 1896–97 मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. शहाणा माणूस अशा वेळी हात आखडता घेईल. रमाबाई स्वतः दुष्काळी भागात गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या त्या मुलींमध्ये त्यांना स्वतःचं बालपण दिसलं असणार. सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. एवढ्या मुलींना शहरात ठेवणं अशक्य झालं, म्हणून त्यांना केडगावच्या उघड्या शेतावर हलवलं. ती जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती, तिथे फळझाडं लावली होती, विहिरी खणल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगते. देवावर भरवसा ठेवणारी ही बाई विहीर खणत होती. भरवसा आणि कुदळ यांचं भांडण तिच्या अंगणात कधी नव्हतं.

मग 1900 चा दुष्काळ, गुजरातेतून आणखी मुली आल्या. मुक्तीत आता दीड हजारांहून जास्त माणसं, शिवाय गुरंढोरं. आसपासच्या विहिरी आटलेल्या. मुक्तीच्या विहिरी रोज संध्याकाळपर्यंत पार उपसून निघायच्या, तळ दिसायचा. आणि सकाळी त्यांत पाणी आलेलं असायचं, त्या दिवसापुरतं. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

हा प्रसंग मंडळीत चमत्कार म्हणून सांगतात. झऱ्यानेच पाणी आलं असेल, आणि झरा देवाचा आहे, माझं एवढ्यावर भागतं. मला ती संध्याकाळ जास्त जवळची वाटते. कोरडी विहीर डोळ्यांनी बघायची आणि दीड हजार माणसांच्या आंघोळीची, स्वयंपाकाची, पिण्याची काळजी डोक्यात असताना झोपायला जायचं. सकाळी पाणी येईल याची लेखी हमी कुणाकडेच नव्हती. काल आलं होतं, एवढंच हातात.

इस्राएल लोकांना रानात देवाकडून मान्ना हे अन्न मिळत होतं तेही असंच. रोज गोळा करायचा, त्या दिवसापुरता. ज्यांनी धास्तीने उद्यासाठी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. चाळीस वर्षं त्यांनी तो खाल्ला. पण कुठल्याही रात्री त्यांच्या तंबूत दुसऱ्या आठवड्याचा साठा नव्हता.

तुमच्यापैकी कुणी आत्ता दवाखान्याच्या बाकावर बसून, कानात इअरफोन घालून हे ऐकत असेल. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला ‘पुढच्या वर्षी काय’ हा प्रश्न विचारला तर तो काय सांगणार? त्याला गुरुवार दिसतो. गुरुवार पार पडला की सोमवार. माझ्या यजमानांची चार वर्षं अशी गेली, म्हणून मी हे बोलायला धजते. पहिल्या वर्षी मी देवाकडे सगळं एकदम मागत होते. किडनी मिळू दे, पैसा मिळू दे, पुढची वीस वर्षं दे. त्या प्रार्थनेनंतर मला झोप यायची नाही. पुढे पुढे मी रविवारी रात्री सोमवारपुरतं मागू लागले. नस नीट सापडू दे. परत येताना रिक्षा मिळू दे. अगदी एवढंसं. आणि कितीतरी सोमवारी, खरंच सांगते, ते मिळालं. काही सोमवारी नाही मिळालं. त्या संध्याकाळी मी देवाशी भांडले, आणि तो भांडू देतो हे मला आईमुळे ठाऊक होतं.

रमाबाईंच्या अखेरच्या दिवसांत मनोरमाबाई गेल्या. जुलै 1921. चाळीस वर्षांची, एकुलती एक लेक, मुक्तीचं काम पुढे जिच्या हाती सोपवायचं ठरलं होतं ती. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं होतं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनाही समजावं म्हणून. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली. लेक गेली, आणि टेबलावर काम तसंच पडलेलं होतं. त्या पुन्हा त्या टेबलाशी बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. ते छापील शास्त्र 1924 मध्ये लोकांच्या हाती आलं.

मला नेहमी वाटतं, त्या आठ-नऊ महिन्यांत त्यांच्या डोळ्यांखालून ती ओळ पुन्हा गेली असेल. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ अक्षर न् अक्षर तपासताना ती डोळे मिटून ओलांडता येत नाही.

माझ्या आईचं सांगायचं राहिलं. शिक्षिकेची नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले. संध्याकाळी सगळे प्रार्थनेला बसलो. ती ओळ आली आणि माझ्या शेजारून आवाज आला. बारीक, पण आला. मी प्रार्थना संपेपर्यंत कशीबशी थांबले आणि विचारलं, “आई, तू म्हणालीस?” ती भाकरीचं टोपलं जवळ ओढत म्हणाली, “इतकी वर्षं माझ्या वाटची तुम्ही म्हणत होता ना. आता मी म्हणते थोडी.”

श्रोतेहो, आता आपण प्रभूची प्रार्थना म्हणू या. स्वयंपाकघरात असाल, गाडीत असाल, दवाखान्यात असाल, तिथूनच म्हणा. एखाद्या ओळीला आवाज फुटला नाही तर थांबा. आम्ही इकडे म्हणतो आहोत.

हे आमच्या स्वर्गातील पित्या…