जिन्याखालचा खांब

नमस्कार श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर आमच्या सोसायटीत रंगकाम निघालं. जिन्याखालच्या खांबाला हातभर उभी चीर होती, कडेनं गंजाचे तांबूस ओघळ. रंगाऱ्यानं पुट्टी भरली, वर रंगाचे दोन हात मारले. खांब नवाकोरा दिसू लागला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

पुढच्या पावसाळ्यात चीर त्याच जागी परत आली, आधीपेक्षा रुंद. मग मात्र स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावलं. त्यांनी छोट्या हातोडीनं खांब ठोकून पाहिला. वरच्या बाजूला खणखणीत आवाज, चिरेपाशी बद्द. पोपडा सुटला, तर आतल्या सळईचे पापुद्रे हातात आले.

लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि ती तो काँक्रीट फोडून मिळवतो. त्यात आपली मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. चीर डोळ्यांना दिसते तोवर आतली सळई बरीच खाल्लेली असते.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला चार मजली इमारत पडली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. भिंत पाडली तर बहुतेक वेळा निभावतं, कारण काँक्रीटच्या इमारतीत भार खांब-तुळयांवर असतो. तळमजल्याच्या खांबाचं तसं नाही, त्याच्या डोक्यावर सगळे मजले उभे असतात.

महिनाभरानं, 31 ऑगस्टला, भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. 33 जणांचा जीव गेला. ही इमारत म्हाडानं 2011 मध्येच धोकादायक ठरवली होती. 'नोटीस मिळूनही लोक राहतात कसे,' असं आपण पटकन म्हणून जातो. मला ते फार लागतं. पागडीची, म्हणजे पूर्वी ठोक रक्कम देऊन कमी भाड्यानं घेतलेली खोली, कोपऱ्यावर धंदा, मुलांची शाळा जवळ. संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेलेली कुटुंबं वर्षानुवर्षं तिथेच अडकलेली त्यांनी पाहिलेली असतात. खोली सोडली की हक्क गेला, ही भीती छत कोसळण्याच्या भीतीपेक्षा मोठी ठरते. म्हणून मी आग्रहानं सांगतो, नोटिशीबरोबर परत येण्याचा लेखी करार आणि पर्यायी घराची किल्ली हातात पडलीच पाहिजे.

बांगलादेशात राणा प्लाझाला 23 एप्रिल 2013 रोजी तडे दिसले. इमारतीतल्या बँकेनं आपली माणसं घरी पाठवली. कपड्यांच्या कारखान्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी कामगारांना बोलावलं. इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक माणसं मेली.

आपल्याकडे 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनीअरकडून मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. अहवाल आला की तो सेक्रेटरींच्या कपाटात ठेवू नका. सर्वसाधारण सभेत मोठ्यानं वाचा, खर्चाचा आकडाही वाचा. आमच्याकडे त्या आकड्यावरून दोन सभा भांडणात गेल्या, पण तिसऱ्या सभेत वर्गणी ठरली.

दुरुस्ती सुरू होईपर्यंत इंजिनीअरनी दुसऱ्या एका खांबाच्या चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली होती आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली होती. चीर वाढली तर काच तडकते. त्या दिवसांत कामावर निघताना, दूध आणायला जाताना, जो तो जिन्याशी थांबून आधी ती काच बघायचा.