चोरीनंतरचे घर

मित्रहो, आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाने घरातल्या चोरीवर बोलण्यास सांगितले, तेव्हा मोठ्या घरफोड्यांविषयी मी बोलणार नाही, हे मी आधीच कळवले होते. कुलूप तोडून कपाट रिकामे होते, तेव्हा पोलीस, नातेवाईक, शेजारी असे सगळेच धावून येतात. एखादी अंगठी, एखादे पाकीट किंवा देवघरातले निरांजन नाहीसे होते आणि लोक ‘एवढ्यावर निभावले’ म्हणून मोकळे होतात, त्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या चोरीविषयी मला बोलायचे आहे. तिच्यात माल थोडाच जातो. पण घरातल्या माणसांचे एकमेकांकडे बघणे बदलते, आणि ते पूर्ववत करण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी गौरी विसर्जनाच्या दिवशी सकाळी आवराआवर करताना माझ्या आईची चांदीची कोयरी दिसेना. तबकात कुंकू सांडलेले होते आणि कोयरी जिथे ठेवली होती, तेवढी आंब्याच्या आकाराची जागा मात्र स्वच्छ राहिली होती. दक्षिणेसाठी पाकिटात काढून ठेवलेले ३,२०० रुपयेही गेले होते. आदल्या दिवशी हळदीकुंकवाला चाळीसेक बायका येऊन गेल्या होत्या, दिव्यांच्या माळा लावणारा वायरमन आला होता, हार घेऊन येणारा मुलगा आला होता, मुलांचे मित्र जेवून गेले होते. एवढी माणसे घरात वावरलेली असूनही संध्याकाळपर्यंत आम्हा सगळ्यांच्या मनात एकच नाव पक्के झाले, आणि ते अकरा वर्षे आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशींचे होते.

त्यांना कोणी एका शब्दाने विचारले नाही. कपाटाची किल्ली मात्र नेहमीच्या खुंटीवरून हलली, आणि त्या आतल्या खोलीत केर काढू लागल्या की काही ना काही निमित्ताने मी तिथे जाऊन उभी राहू लागले. चौथ्या दिवशी काम आटोपल्यावर मावशींनी आपली पिशवी ओट्यावर उपडी केली. मीच दिलेल्या पुरणपोळ्यांचा डबा, औषधाच्या गोळ्यांची पट्टी आणि घड्या घातलेला एक टॉवेल, एवढेच तिच्यात होते. “वहिनी, बघून घ्या,” त्या म्हणाल्या. “अहो मावशी, असे काय करता,” असे मी म्हणाले खरी, पण तेवढ्यात माझी नजर त्या वस्तूंवरून फिरली होती, आणि ती फिरलेली त्यांनी पाहिली.

त्या क्षणाचा मी पुष्कळ विचार केला आहे. चोरी झाली की मनाला उत्तराची घाई होते, आणि ज्याच्यावर संशय घेतल्याने आपले काहीच बिघडत नाही, अशा माणसाकडे ते वळते. हळदीकुंकवाला आलेल्या एखाद्या मैत्रिणीचे नाव घेण्याची आमची छाती झाली नसती. घरकाम करणाऱ्या बायकांचे जगणे या एका गोष्टीवर टांगलेले असते, कारण एका घरात आळ आला की त्या गल्लीतली बाकीची कामेही हातची जातात. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यांची संघटना उभी राहिली. पुढे महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला. तरीही नुसत्या नजरेने घेतलेल्या संशयाविरुद्ध दाद मागायची तर ती कोणाकडे, हा प्रश्न त्या ओट्यासमोर उभ्या असलेल्या बाईपुढे तसाच राहतो. मंतरलेले तांदूळ चघळायला द्यायचे आणि ज्याच्या तोंडात ते कोरडेच राहतील तो चोर समजायचा, असा सल्लाही आम्हाला एकीने दिला होता. भीतीने तोंडाला कोरड पडते ती निरपराध माणसाच्याही, एवढे तरी आपल्याला कळायला हवे.

आमची दुसरी चूक म्हणजे आम्ही बारा दिवस पोलिसांत गेलो नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी ठाण्याची पायरी कशाला चढायची, असा आमचा भाव होता. आज माझे मत अगदी उलट आहे. राहत्या घरातली चोरी कायद्याने कधीच किरकोळ मानलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये तिच्यासाठी सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे, आणि पूर्वीच्या दंडसंहितेतही ती होतीच. गुन्हा दाखल झाल्यावर पहिल्या खबरीची, म्हणजे एफआयआरची, प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. सही करण्यापूर्वी लिहून घेतलेली खबर शांतपणे वाचून घ्यावी. ठाण्यात ‘संशय कोणावर?’ असे हमखास विचारतात. पुरावा हाती नसेल, तर ‘कोणावरही नाही’ हेच प्रामाणिक उत्तर आहे, आणि फिर्याद अज्ञात चोरट्याविरुद्ध नोंदवता येते. आम्ही तशीच नोंदवली. मात्र कागदावर अज्ञात लिहिलेल्या त्या चोराचे नाव आमच्या घरात ठरून गेले होते, याची लाज मला आजही वाटते.

तक्रारीने वस्तू मिळेलच असे नाही. पण शोध घेणे हे ज्यांचे काम आहे त्यांच्याकडे ते सोपवले की आपल्याला घरात पहारेकरी होऊन फिरावे लागत नाही. दागिन्यांची आणि चांदीच्या भांड्यांची छायाचित्रे आणि पावत्या एका पाकिटात घालून ठेवाव्यात, कारण पुढेमागे मुद्देमाल सापडला तर ओळख त्यांच्यावरून पटते. असा मुद्देमाल वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहू नये, पंचनामा आणि छायाचित्रे करून तो मूळ मालकाला लवकर परत द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितले आहे. किल्ली हरवली असेल तर कुलूप बदलावे, पाकिटात कार्ड असेल तर बँकेला त्याच दिवशी कळवून ते बंद करावे. ही कामे तासाभराची आहेत आणि हाताला काम मिळाले की मनही थोडे ठिकाणावर येते.

कधी कधी घेणारा हात घरातल्याच एखाद्या मुलाचा असतो, हेही आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. तिथे चारचौघांत पंचायत बसवू नये. एका वडीलधाऱ्या माणसाने त्या मुलाशी एकट्याने, दार लावून, स्पष्ट बोलावे आणि पैसे कशासाठी लागले हे आधी ऐकून घ्यावे.

कोयरीचे दुःख मला झाले, ते मी नाकारत नाही. आईच्या बोटांनी तिच्या झाकणावरची नक्षी गुळगुळीत झाली होती. रात्री दोनदा उठून मी कडी तपासत असे. ‘सांभाळून ठेवायला हवी होती’ असे म्हणणाऱ्यांनी त्यात भरच घातली. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला हे वाक्य कृपा करून कोणी ऐकवू नये. पण सहा महिन्यांत ते दुःख निवले. तुळशीबागेतून पितळेची एक लहान कोयरी आणली आणि कडीकडे जाणारा हातही आपोआप थांबला.

मावशींनी मात्र महिनाभरातच काम सोडले. चोर कोण हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही, आणि ते कळण्याची वाट न पाहता मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा केला. “तुम्ही तोंडाने काही बोलला असता वहिनी, तर मला उत्तर देता आले असते,” एवढेच त्या म्हणाल्या. कामावर त्या परत आल्या नाहीत. गौरीच्या हळदीकुंकवाला मात्र मी बोलावते आणि त्या दर वर्षी येतात, माझ्या हातून कुंकू लावून घेतात, सुनेची, नातवंडांची चौकशी करतात. फक्त आत येताना पिशवी दाराबाहेर चपलांजवळ ठेवून येतात.